मटक्याची चिठ्ठी, यंत्राचा सट्टा आणि कायद्याची नजर

जिल्ह्याच्या दैनिकात आतल्या पानावर एक छोटी बातमी नेहमी दिसते. वरली मटक्यावर पोलिसांची धाड. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक डॉट पेन आणि काहीशे रुपये नगदी जप्त. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल. आरोपीचे नाव, वय, राहणार कोठला, सगळे छापून येते. हा आरोपी कोण असतो? पानटपरीच्या आडोशाला उभा राहून कमिशनवर चिठ्ठ्या लिहिणारा एखादा बेकार माणूस. तो न्यायालयात गुन्हा कबूल करतो, किरकोळ दंड भरतो आणि बाहेर पडतो. ज्याच्यासाठी तो चिठ्ठ्या लिहितो, त्याचे नाव बातमीत क्वचितच येते. नांदुरा असो, मलकापूर असो की खामगाव, या बातमीत फक्त नाव बदलते.

आता दुसरे चित्र पाहा. अमेरिकेत 'पॉलिमार्केट' आणि 'काल्शी' नावाचे दोन मोठे बाजार चालतात. तेथे धान्य, कापूस विकला जात नाही. तेथे उद्या काय होणार यावर पैसे लावले जातात. निवडणूक कोण जिंकणार, व्याजदर कमी होणार का, अमुक शहरात किती तापमान चढणार, युद्ध थांबणार का, अशा हजारो प्रश्नांवर रोज कोट्यवधी डॉलरची उलाढाल होते. आणि आता त्यापुढची पायरी आली आहे. या हजारो प्रश्नांतून हवा तो प्रश्न आणि त्याचा भाव शोधून काढणारी साधने तयार होऊ लागली आहेत, आणि ती माणसांसाठी नाहीत. ती यंत्रांसाठी आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे 'एजंट' म्हणून ओळखले जातात, त्यांनी सट्टा कुठे चालू आहे आणि भाव काय आहे हे क्षणात शोधावे म्हणून ही सोय आहे.

वाचक म्हणतील, वकीलसाहेब, याचा नांदुऱ्याशी काय संबंध? संबंध आहे. तो आजचा नाही, शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. तो समजून घेतला नाही, तर उद्याही चिठ्ठी लिहिणाराच पकडला जाईल आणि मोठा जुगार ज्ञानाचा अंगरखा घालून मोकळा फिरेल.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते सरळ भाषेत पाहू. समजा प्रश्न असा आहे : 'या वर्षी अमुक पक्ष निवडणूक जिंकेल काय?' 'होय' असे लिहिलेले एक तिकीट बाजारात आहे. पक्ष जिंकला तर त्या तिकिटाचा एक डॉलर मिळणार, हरला तर शून्य. हे तिकीट आज ६२ सेंटला विकले जात असेल, तर बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता ६२ टक्के आहे असे मानले जाते. भाव म्हणजेच भाकीत. म्हणून याला भाकितांचा बाजार म्हणायचे.

एजंट म्हटले की आपल्याला एलआयसीचा किंवा आरटीओचा एजंट आठवतो. हा तसा नाही. ही एक संगणकीय व्यवस्था आहे. तिला काम सांगायचे आणि ती स्वतःच माहिती शोधते, वाचते, ठरवते आणि परवानगी दिली असेल तर पैसेही गुंतवते. पण या यंत्राला एक अडचण येते. एकाच घटनेवर वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या शब्दांत प्रश्न विचारलेले असतात. एकाची मुदत जूनअखेर, दुसऱ्याची डिसेंबरअखेर. एकात लाखो डॉलर लागलेले, दुसऱ्यात पाचपन्नास. नुसता शब्द जुळवून पाहिले तर चुकीचा प्रश्न हाती येतो. म्हणून अर्थावरून शोधणारी, भाव, मुदत, लागलेली रक्कम आणि निकालाचे नियम एकत्र आणून देणारी साधने बनवली जात आहेत. हे बाजार आपले भाव यंत्रांना सहज वाचता येतील असे उघडे ठेवतात, त्यामुळे ते शक्य होते.

या कल्पनेत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकीवर असा छोटा बाजार अभ्यासासाठी सुरू केला. लोकांनी थोडे थोडे पैसे लावायचे आणि विद्यापीठाने त्या भावांचा अभ्यास करायचा. पुष्कळ लोकांकडे विखुरलेली माहिती भावाच्या रूपाने एकत्र येते, आणि स्वतःचा पैसा लागलेला असला की माणूस वाटेल ते बोलत नाही, हा त्यामागचा विचार आहे. त्याला काही आधारही आहे. तेव्हा भाव वाचणे हा गुन्हा नाही आणि शोधून देणारे साधन हे आपोआप पाप ठरत नाही. प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो.

आता आपला जुना संबंध. वऱ्हाडचा कापूस इंग्रजांनी मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी नेला. त्यासाठीच १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. पिकवणारा कुणबी, राबणारा महार-मांग मजूर येथे आणि त्या कापसाचा भाव ठरणार समुद्रापार, ही व्यवस्था तेव्हाच पक्की झाली. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने येत. त्या भावाच्या आकड्यांवरच मुंबईत जुगार सुरू झाला. त्याला 'आकडा' म्हणत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे ते आकडे येणे थांबले. मग १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगतने आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवण्याची पद्धत आणली. मडके म्हणजे मटका. 'वरली मटका' हे नाव आजही आमच्या पोलीस ठाण्याच्या फिर्यादीत आहे ते यामुळे. म्हणजे आज नांदुऱ्यात जो चिठ्ठी लिहिताना पकडला जातो, त्याच्या गुन्ह्याचे मूळ कापसाच्या भावावरील भाकितात आहे. घामाचा कापूस आमचा, आकडा न्यूयॉर्कचा, आणि पगाराच्या दिवशी खिसा रिकामा व्हायचा मुंबईच्या गिरणी कामगाराचा.

गोष्ट येथे संपत नाही. न्यूयॉर्कचा तो कापूस बाजार पुढे दुसऱ्या संस्थेत विलीन झाला आणि ती संस्था २००७ मध्ये 'इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंज' या कंपनीने विकत घेतली. हीच कंपनी आज न्यूयॉर्क शेअर बाजाराची मालक आहे. आणि याच कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉलिमार्केटमध्ये दोनशे कोटी डॉलरपर्यंत गुंतवणूक करण्याचे जाहीर केले. ज्या घराण्याच्या आकड्यावर एकेकाळी मुंबईत आकडा खेळला गेला, तेच घराणे आता उघडपणे भाकितांच्या सट्ट्यात उतरले आहे. तेव्हा तारेने आकडा यायचा आणि माणूस तो वाचायचा. आता यंत्र तो शोधते आणि यंत्रच वाचते. बदल एवढाच आहे.

पावसावरचा सट्टाही जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई आणि कलकत्त्यात पावसावर पैसे लावले जात. बंगाल सरकारने तर १८९७ मध्ये पावसाच्या जुगाराविरुद्ध खास कायदा केला. राजस्थानातील फलोदीचा सट्टा बाजार पावसावर आणि निवडणुकीवर भाव काढतो आणि मोठमोठी वर्तमानपत्रे तो भाव छापतात. २०२४ च्या लोकसभेत फलोदीने भाजपला तीनशेच्या आसपास जागा दिल्या होत्या. मिळाल्या २४०.

आणि आपल्याकडे भेंडवळ आहेच. नांदुऱ्याहून येरळीचा पूल ओलांडून जळगाव जामोद तालुक्यात गेले की भेंडवळ लागते. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्ये ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हलले, काय सरकले यावरून पाऊस, पीक आणि राजाचे भविष्य सांगायचे. हजारो शेतकरी ऐकायला जमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने त्यावर वेळोवेळी प्रश्न उभे केले आहेत. हवामानाचे कोणतेही शास्त्र त्यामागे नाही.

शिकलेली मंडळी भेंडवळच्या शेतकऱ्याला हसतात. पण जरा विचार करा. घटातील ज्वारी सरकली म्हणून ज्वारीला बरे वर्ष, असे सांगितले तर 'का?' या प्रश्नाला उत्तर नाही. बाजाराचा भाव ६२ वरून ७० झाला, तेथे तरी 'का?' या प्रश्नाला उत्तर आहे काय? कोणी तरी पैसे लावले म्हणून भाव चढला, एवढेच उत्तर मिळते. त्याने माहिती असल्यामुळे लावले, अफवेवर लावले की भाव चढवून दाखवण्यासाठीच लावले, हे भाव सांगत नाही. घट मुका आहे आणि भावही मुकाच आहे. याउलट हवामान खाते अंदाज देते तेव्हा त्याची पद्धत जाहीर असते, चूक झाली तर खात्याला जाब विचारता येतो, संसदेत प्रश्न विचारता येतो. राज्यघटनेच्या कलम ५१-अ (ह) ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे इंग्रजी आकड्यापुढे मान तुकवणे नव्हे. कारण मागणे म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोन.

ही शंका मी का काढतो? उद्या आमच्या तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा मोबाइलला विचारणार आहे, 'सोयाबीन आता विकू की ठेवू?' त्याच्यामागे काम करणारा एजंट या शोधसाधनातून परदेशातील पाऊस, पीक, आयात-शुल्क यांवरील भाव गोळा करणार आणि 'शक्यता ६८ टक्के' असे छातीठोक उत्तर देणार. त्या ६८ मागे एखाद्या प्रश्नावर लागलेले दोनचारशे डॉलर असतील, हे त्या मुलाला कोण सांगणार? डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवली. वायदा बाजारावर सेबीची देखरेख असते, त्यात खरा माल असतो. तो सरकारला धोक्याचा वाटला. मग ज्यात माल नाही, ज्यावर आपली देखरेख नाही, अशा बाजाराचा आकडा सल्ला म्हणून शेतकऱ्याच्या घरात मागच्या दाराने यावा काय?

आता मूळ मुद्दा. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करीत आहोत, पण सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारत आहोत, असा इशारा दिला होता. भाकितांच्या बाजारात हे तत्त्व मुळातच नाही. तेथे जेवढा पैसा तेवढे मत. २०२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी एका फ्रेंच व्यापाऱ्याने अनेक खात्यांतून ट्रम्प यांच्या बाजूने कोट्यवधी डॉलर लावले. त्याचा अंदाज खरा ठरला ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की एका माणसाच्या थैलीने 'बाजाराच्या मता'वर वजन टाकता येते आणि जग ते लोकांचे मत म्हणून वाचते. ज्याच्याजवळ लावायला एक रुपया नाही त्याचे मत त्या भावात शून्य आहे. शेतमजूर बाईला पावसाचे जे कळते ते त्या आकड्यात कधीच येणार नाही. आणि यंत्रांना हेच आकडे 'सत्य' म्हणून शोधून देण्याची व्यवस्था झाली, तर श्रीमंताचा अंदाज हा सगळ्यांचा अंदाज बनतो. ज्ञानाची मक्तेदारी आम्ही हजारो वर्षे भोगली आहे. तिचे नवे रूप ओळखायला आम्हाला वेळ लागता कामा नये.

निवडणुकीचा धोका तर उघड आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ प्रमाणे मतदानाचे सर्व टप्पे संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. पण परदेशातील सट्टेबाजाराचा भाव हा एक्झिट पोल नव्हे. त्यात मतदारांची पाहणी नाही, म्हणून त्या व्याख्येत तो बसत नाही. पहिल्या टप्प्याच्या संध्याकाळी एखाद्याने पैसे ओतून भाव फिरवला, एजंटांनी तो शोधून लाखो मोबाइलवर 'अमुक पक्ष ७५ टक्के पुढे' असे पोचवले, तर दुसऱ्या टप्प्यातल्या मतदारावर परिणाम होणार नाही काय? जाहिरातीपेक्षा हा प्रचार स्वस्त पडेल.

दुसरा दोष नीतीचा आहे आणि कायद्यालाही तो माहीत आहे. विमा आणि जुगार यांत फरक काय? ज्याचे घर, त्याने विमा काढला तर घर जळू नये अशीच त्याची इच्छा असते. त्याचा त्या घरात हितसंबंध आहे. परक्याच्या घरावर पैसे लावणाऱ्याला घर जळण्यातच फायदा. दुष्काळावर पैसे लावणाऱ्याचा फायदा दुष्काळात आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पश्चिम आशियातील राजकीय घडामोडींवर असा बाजार काढण्याचे ठरवले, तेव्हा दहशतवादी हल्ल्यांवर सट्टा लावणार काय, असा सवाल सिनेटरांनी केला आणि ती योजना लगेच गुंडाळावी लागली. वीस-बावीस वर्षांत लाज एवढी सरली की आज युद्धावरचे भाव उघड चालतात.

तिसरी गोष्ट वकिलाच्या नजरेने सांगतो. दाव्यात मुद्दे कसे काढले यावर निकाल ठरतो. या बाजारात प्रश्नाचे शब्द हेच सर्वस्व असते. २०२५ च्या उन्हाळ्यात पॉलिमार्केटवर प्रश्न होता की युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैपूर्वी सूट घालतील काय. त्यांनी काळा कोट-पँट घातला. अनेक वृत्तसंस्थांनी त्याला सूट म्हटले. बाजाराने शेवटी 'नाही' असा निकाल दिला. त्या प्रश्नावर वीस कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली होती. सूट म्हणजे काय हे ठरवणारे न्यायाधीश कोण? त्या यंत्रणेतील टोकनधारक, म्हणजे पुन्हा पैसेवाले. अपील नाही, पुरावा कायदा नाही. नुसते शीर्षक वाचून जो एजंट मालकाचे पैसे लावील, तो मालकाला बुडवील.

आता आपला कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० ने पैजेचा करार निरर्थक ठरवला आहे. पैज जिंकली तरी वसुलीचा दावा चालत नाही. मुंबई प्रांतात १८६५ च्या कायद्याने तर पैजेला साह्यभूत करारांनाही आधार नाकारला. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. मात्र कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद राहिला. याच फटीतून ऑनलाइन कंपन्या शिरल्या. 'प्रोबो'सारख्या कंपन्यांनी 'होय किंवा नाही' असा खेळ 'मताचा व्यवहार' म्हणून तरुणांपुढे मांडला. क्रिकेट, निवडणूक, सिनेमाची कमाई, सगळ्यावर. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये जनतेला सावध केले की हे आमच्या नियमनाखाली येत नाही आणि येथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणे, त्याची जाहिरात करणे, त्याचे पैसे वळते करणे यांना त्यात मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ऑनलाइन खेळणारा हा बळी मानला गेला आणि चालवणारा गुन्हेगार. हे योग्यच आहे. पण १८८७ च्या कायद्याखाली रस्त्यावर आकडा लावणारा गरीब मात्र अजून आरोपीच आहे. मोबाइलवर खेळला तर बळी, टपरीवर खेळला तर आरोपी, हा कोणता न्याय? दुसरी, एजंटने पैसे लावले तर खेळला कोण? करार कायद्यात एजंट म्हणजे दुसऱ्यासाठी काम करणारी व्यक्ती. यंत्र ही व्यक्ती नव्हे. माझ्या मते यंत्र हे फक्त साधन आहे. जुगाराचे साधन म्हणजे जुगारासाठी वापरलेली कोणतीही वस्तू, एवढी व्यापक कल्पना १८८७ च्या कायद्यातही आहे. तेव्हा जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची आणि चालवून नफा घेणाऱ्याची. 'यंत्राने केले' हा बचाव चालू देता कामा नये. जे शोधसाधन नुसता भाव दाखवते ते वेगळे. जे भावाखालीच पैसे लावण्याची वाट काढून देते ते माझ्या मते जुगाराला प्रोत्साहन देते आणि २०२५ च्या कायद्याच्या नजरेत यायला हवे.

मग हे सगळे बंद करा, नावच पुसून टाका, असे म्हणायचे काय? येथे बाबासाहेबांनी घालून दिलेली दृष्टी उपयोगी पडते. २ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राज्यसूचीतील 'पैज आणि जुगार' ही नोंद चर्चेला आली. गांधींच्या देशात घटनेत जुगाराचा उल्लेखच नको, ती नोंद वगळा, असे शिब्बनलाल सक्सेना आणि लक्ष्मीनारायण साहू या सदस्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्यांचा गैरसमज दूर केला. नोंद काढल्याने जुगार नाहीसा होणार नाही, उलट त्यावर राज्यांचे नियंत्रणच उरणार नाही. ही नोंद परवानगीसाठी वापरता येते तशी बंदीसाठीही वापरता येते, असे त्यांनी समजावले. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ३४ वी नोंद आज आहे ती त्यामुळे. डोळे मिटल्याने वस्तू नाहीशी होत नाही. तिला नाव द्या, तिच्यावर अधिकार ठेवा आणि मग लोकांच्या हिताचे काय ते ठरवा. हीच दृष्टी या नव्या यंत्रांबाबत हवी.

म्हणून काही गोष्टी आपण मागितल्या पाहिजेत. एक, भारतात चालणाऱ्या कोणत्याही एजंटने बाजाराचा भाव सांगितला तर त्यासोबत किती पैसा लागला आहे, प्रश्नाचे नेमके शब्द काय आणि निकाल कोण देणार, हे आपल्या भाषेत सांगणे बंधनकारक करावे. दोन, सट्टेबाजाराचा भाव हा 'शक्यता' म्हणून न सांगता 'सट्ट्याचा भाव' म्हणूनच सांगावा. तीन, कलम १२६-अ मध्ये मतदानाच्या काळात निवडणुकीवरील सट्ट्याचे भाव प्रसिद्ध करण्यास आणि यंत्रांमार्फत पसरवण्यास मनाई घालावी. चार, पीककर्ज, पीकविमा किंवा शेतकऱ्याला द्यायचा कोणताही सरकारी सल्ला अशा भावांवर बेतू नये. पाच, मटक्याच्या प्रकरणात चिठ्ठी लिहिणाऱ्यावर न थांबता ज्याच्याकडे पैसा जातो त्याच्यापर्यंत तपास न्यावा आणि खेळणाऱ्या गरिबाला नव्या कायद्याप्रमाणेच बळी मानावे.

कायद्याइतकेच काम घरात आहे. तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकला तर वैर वाढते, हरला तर शोक होतो, धन जाते, मित्र तुच्छ लेखतात, सोयरीक जमत नाही, आणि सभेत, म्हणजे जेथे साक्ष द्यायची तेथे, त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. कोर्टात उभा राहणारा माणूस म्हणून मला हा शेवटचा तोटा सर्वांत मोठा वाटतो. आमच्या समाजाने शब्दाची किंमत मोठ्या कष्टाने मिळवली आहे. शिष्यवृत्तीचे पैसे, आईच्या मजुरीचे पैसे 'होय की नाही'च्या खेळात घालणाऱ्या पोराला रागावून उपयोग नाही. त्याच्याजवळ बसून तो भाव कसा बनतो, समोर पैसे लावणारे यंत्र किती वेगाने शोधते आणि त्याच्या हाती माहितीच्या नावाने काय उरते, हे त्याला गणित मांडून दाखवा. बुद्धविहारात, वाचनालयात, अभ्यासिकेत हा विषय घ्या. संगणक शिकलेली आमची मुले आता गावोगाव आहेत. त्यांनी ही साधने उघडून, तपासून समाजाला समजावून सांगावीत. शक्य झाले तर बाजार समितीचे भाव आणि हवामान खात्याचा अंदाज मराठीतून नीट शोधून देणारे साधन स्वतः बनवावे. यंत्र शत्रू नाही. ते कोणाचे ऐकते हा प्रश्न आहे.

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या आकड्यापुढे आमचा कापूस उत्पादक मुका होता, कारण आकडा कोण ठरवतो हे त्याला कळू दिले गेले नाही. आज आपण वाचू शकतो, विचारू शकतो, कायदा करवून घेऊ शकतो. उद्या मोबाइलने टक्केवारी सांगितली की एवढे तीन प्रश्न विचारा : हे कोणी ठरवले? कोणाच्या पैशाने ठरवले? आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा? उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा कितीही मोठ्या देशातून आलेला असो, त्याची किंमत पानटपरीवरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त समजू नका.